स्विफ्ट, दोन लाख रुपये आणि मोटरस्पोर्टची हौस: आधी खर्च कशावर?

फोंड्याच्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्याकडे 2014 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी आहे, बाजूला टाकलेले दोन लाख रुपये आहेत आणि मोटरस्पोर्टमध्ये उतरायचं मनात आहे. मित्र म्हणतात, आधी फ्री फ्लो एक्झॉस्ट (धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर), इंटेक (इंजिनात हवा घेणारा भाग), रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि लोअरिंग (गाडी खाली बसवणं) करून घे. नाहीतर स्विफ्ट विकून जुनी होंडा सिटी व्हीटेक घे. घरचे म्हणतात, हा श्रीमंतांचा खेळ, आणि गोव्यात ट्रॅक तरी कुठे आहे? शेवटी त्याने विचारलंय: 'गाडीवर किती खर्च केला म्हणजे मला स्पर्धेत उतरता येईल?'

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. माझं फोंडा तालुक्यात गॅरेज आहे. रोजचं काम सर्व्हिसिंग, क्लच आणि सस्पेन्शनचं. त्यासोबत बरीच वर्षं ऑटोक्रॉस (बंदिस्त ग्राउंडवर घड्याळाशी शर्यत) आणि रॅलीच्या गाड्या तयार केल्या, नेव्हिगेटर, म्हणजे चालकाला वाट आणि वेळ सांगणारा, म्हणून डाव्या सीटवर बसलो, आणि हल्ली स्पर्धांमध्ये स्क्रूटिनीला असतो. स्क्रूटिनी म्हणजे गाडी स्टार्टला लागण्याआधी ती सुरक्षित आणि नियमात बसणारी आहे का, याची तपासणी. ट्रॉफ्यांचं कपाट माझ्याकडे नाही, त्यामुळे हे उत्तर बॉनेट उघडून बघणाऱ्याचं आहे असं समजा.

तुमच्या प्रश्नात दोन हौशी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक गाडी नटवायची, दुसरी स्पर्धेत उतरायची. पहिलीला मी नावं ठेवणार नाही. गोव्याला गाड्यांचं वेड जुनंच आहे. मुक्तीच्या आधी इथे युरोपातून थेट गाड्या यायच्या आणि अजूनही एखाद्या जुन्या घराच्या आवारात जपलेली फोक्सवॅगन किंवा ओपेल दिसते. ज्याला गाडी देखणी हवी, आवाज भारदस्त हवा, त्याने कायद्यात बसेल तेवढं खुशाल करावं. फक्त ते करताना 'मी मोटरस्पोर्टची तयारी करतोय' अशी स्वतःची समजूत घालू नये. दोन लाखांत दोन्ही हौशी भागत नाहीत, आणि बहुतेक मुलांचे पैसे पहिलीतच संपतात. मग स्पर्धेची एंट्री फी, टायर आणि प्रवास यांसाठी हातात काही उरत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच ताडून बघा. ही स्विफ्ट घरातली एकमेव गाडी आहे का? रविवारी लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) वाकला तर सोमवारी वेर्ण्याला कशाने जाणार? आरसी तुमच्या नावावर आहे की वडिलांच्या? कर्ज फिटलंय का? शनिवारी सुट्टी असते की शिफ्ट? एकमेव गाडी, वडिलांच्या नावावर आणि हप्ते चालू, असं असेल तर ती गाडी घेऊन ऑटोक्रॉसच्या मातीत उतरू नका, टीएसडीपासून सुरुवात करा. टीएसडीबद्दल पुढे लिहिलंय.

आता मित्रांच्या यादीकडे येऊ. तुमच्या 1.2 लिटरच्या के-सिरीज इंजिनाची ताकद सुमारे 84 पीएस, आणि त्याला टर्बो नाही. टर्बो गाडीत रीमॅप म्हणजे मुख्यतः बूस्ट वाढवणं. सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबली की इंधनही जास्त जाळता येतं, म्हणून पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीत रीमॅपचा फरक पाठीला जाणवतो. विनाटर्बो इंजिनात हवा तिच्या नेहमीच्या दाबानेच आत शिरणार. तिथे रीमॅप करून इग्निशन टायमिंग आणि मिश्रण थोडं इकडेतिकडे करता येतं, हाती लागतात मोजके पीएस. वरून थ्रॉटलचा प्रतिसाद तिखट करून देतात. पेडल थोडंसं दाबलं की थ्रॉटल जास्त उघडतो आणि गाडी उडाल्यासारखी वाटते. पेडल तळापर्यंत दाबलंत तर ताकद जवळपास होती तेवढीच. फ्री फ्लो एक्झॉस्टचंही तसंच. एकट्या एक्झॉस्टने आवाज बदलतो, आणि खालच्या आरपीएमचा पिकअप कधी कधी उलट कमी होतो.

स्क्रूटिनीच्या बाजूने आणखी एक अडचण दिसते, जी मित्र सांगत नाहीत. ऑटोक्रॉस आणि रॅलीत गाड्यांचे वर्ग साधारणपणे इंजिनाच्या सीसीवर आणि गाडीत किती बदल केलेत त्यावर पडतात. मूळ अवस्थेतली स्विफ्ट घेऊन आलात तर तुमच्यासारख्याच गाड्यांशी गाठ पडेल. इंटेक, एक्झॉस्ट आणि रीमॅप करून आलात तर मूळ गाड्यांच्या वर्गातून बाहेर पडाल आणि शेजारी कोण उभं असेल? आतून पूर्ण रिकामी केलेली, केज (माणसाभोवतीचा लोखंडी नळ्यांचा सांगाडा) वेल्ड केलेली, वेगळा गिअरबॉक्स बसवलेली गाडी, आणि तिच्यावर दहा वर्षं घालवलेला चालक. म्हणजे पन्नास हजार खर्चून तुम्ही स्वतःसाठी अवघड वर्ग विकत घेतलात.

कायद्याचंही ऐका. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बदल तीन केलेत तर दंडही तिप्पट.

लोअरिंगबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण त्याची दुरुस्ती माझ्याकडे येते. चांगल्या प्रतीचे स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप एकत्र बसवले तर गाडी वळणात खरोखर सुधारते. पण दोन लाखांच्या बजेटात बहुधा होतं काय, तर मूळ स्प्रिंगचा एखादा वेटोळा ग्राइंडरने कापतात. कापलेली स्प्रिंग कडक होते, चाक खाली लोंबकळलं की तिच्या बैठकीतून निसटू शकते, आणि शॉकअपची हालचाल इतकी आखडते की प्रत्येक खड्ड्याला ते बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतं. आपल्याकडच्या वाड्यांतले स्पीडब्रेकर, पावसात उखडलेल्या रस्त्यांचे काठ आणि ऑटोक्रॉसचं ग्राउंड या तिन्ही ठिकाणी सस्पेन्शनला हालचालीची जागा लागते. मातीवरच्या रॅलीच्या गाड्या बघा, त्या जमिनीपासून उंचच ठेवलेल्या असतात.

मग गाडीवर काहीच करायचं नाही का? करायचं, फक्त ते फोटोत दिसणार नाही.

सगळ्यात आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्या हवेत ओलावा किती असतो ते चतुर्थीच्या सुमारास कपाट उघडलं की वासावरून कळतंच. कोरडं डॉट 4 दर्जाचं ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर तीच मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट 3 तर नवं असताना 205 आणि ओलं झाल्यावर 140. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. चोर्ला किंवा अनमोड घाट सतत ब्रेक मारत उतरल्यावर पेडल मऊ लागल्याचं अनेकांनी अनुभवलं असेल. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. सोबत चांगले पॅड, मागच्या ड्रमची सफाई आणि लायनरची तपासणी. एवढ्याने ब्रेक जितके सुधारतात, तितकं कुठलंही इंटेक गाडीला सुधारू शकत नाही.

दुसरं टायर. स्क्रूटिनीत मी वाकून पहिल्यांदा टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघतो. 2319 लिहिलं असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. खाचा भरपूर शिल्लक असल्या तरी सहा-सात वर्षांच्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, आणि आपल्याकडे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं तर लवकर. चार नवे, मूळ साइजचे टायर घ्या. मोठ्या अलॉयवर रुंद टायर चढवायचा मोह टाळा, कारण चाकाचं वजन वाढतं आणि 84 पीएसची गाडी आणखी सुस्त होते. टायरमधली हवाही दर आठवड्याला तुमच्याच गेजने मोजा. पंपावरचं मशीन एक आकडा दाखवतं आणि तुमचा गेज दुसरा, असं बऱ्याचदा होतं.

तिसरं, दहा वर्षांपुढच्या गाडीतले रबर. लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे माउंट, इंजिन माउंटिंग. हे थकले की अलाइनमेंट कितीही अचूक केलं तरी ब्रेक मारताना चाक आपल्या मर्जीने दिशा बदलतं. सगळे बुश आणि गरज असेल तर चार शॉकअप कंपनीचे टाकले की बरेच जण विचारतात, 'स्टीअरिंगमध्ये काय केलंत?' काही केलेलं नसतं. गाडी शोरूममधून निघाली तेव्हा होती तशी झालेली असते, इतकंच.

रोल केज आणि चार पट्ट्यांचा हार्नेस रोजच्या गाडीत बसवू नका. केज हा हेल्मेट घातलेल्या माणसासाठी असतो. साध्या अपघातात हेल्मेट नसलेलं डोकं त्या लोखंडी नळीवर आपटलं तर जीव वाचवायची वस्तूच जिवावर उठते. ज्या दिवशी तुम्ही फक्त स्पर्धेसाठी वेगळी गाडी ठेवाल, त्या दिवशी केजचा विचार करा.

आता खेळाकडे वळू. कमी पैशात, आहे त्या गाडीवर सुरू करता येणारा प्रकार म्हणजे टीएसडी, अर्थात टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात सगळ्यात वेगवान गाडी जिंकत नाही. आयोजक रोडबुक देतात, त्यात वळणांच्या खुणा आणि अंतरं असतात, आणि प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरलेला असतो, तोही कायद्याच्या मर्यादेतला. त्या वेगाने बरोबर त्या सेकंदाला पुढच्या कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवणाऱ्या ठिकाणी, पोचायचं. कंट्रोल कुठे लपलंय ते माहीत नसतं. उशीर झाला तर गुण जातात. लवकर पोचलात तर बहुधा जास्त जातात. उदाहरण घ्या: सरासरी 42 ठरली असेल तर 7.35 किलोमीटरला साडेदहा मिनिटं लागायला हवीत. मधे म्हशी आडव्या आल्या आणि चाळीस सेकंद गेले, तर ते कुठे आणि किती वेगाने भरून काढायचे, हे नेव्हिगेटरने चालत्या गाडीत ठरवायचं.

इथे पुन्हा टायरचा विषय येतो. तुमच्या व्हेरियंटला 185/65 आर15 टायर असतील आणि तुम्ही 195/60 आर15 घातले, तर चाकाचा घेर सुमारे एक टक्क्याने घटतो. शंभर किलोमीटरमागे ओडोमीटर एक किलोमीटर जास्त दाखवणार. रोजच्या वापरात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ताशी 36 च्या सरासरीला एक किलोमीटर म्हणजे शंभर सेकंद, आणि टीएसडीत लोक पाच-सात सेकंदांनी हरतात. म्हणून सुरुवातीला जो ओडोमीटर पडताळणीचा टप्पा देतात तो मन लावून करा, आणि त्यानंतर टायरमधल्या हवेला हात लावू नका.

शक्य असेल तर पहिल्या एक-दोन टीएसडीत गाडी दुसऱ्याची आणि नेव्हिगेटर तुम्ही, असं करा. खर्च वाटला जातो, आणि डाव्या सीटवरून चालकाच्या खोडी जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या स्वतः चालवताना कधीच दिसत नाहीत. आपली पोरं नेव्हिगेटरला दुय्यम समजतात, ते मला अजिबात पटत नाही. वेगाच्या रॅलीत तर पेस नोट्स (वळणांच्या आधीच लिहून ठेवलेल्या सूचना) चुकीच्या वाचल्या की सगळ्यात चांगला चालकसुद्धा झाडात जातो.

दुसरा प्रकार ऑटोक्रॉस. बंदिस्त ग्राउंड, कोन आणि फ्लॅग लावून आखलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी बहुधा एकच गाडी, आणि घड्याळ. कोन पाडला की सेकंद वाढतात, मार्ग चुकला तर तो रन बाद. वेग बराचसा दुसऱ्या गिअरमध्येच राहतो, त्यामुळे चुकलात तरी बहुधा बंपर आणि अभिमान यांनाच मार बसतो. अनेक ठिकाणी नवख्यांसाठी वेगळा वर्ग ठेवतात.

आपल्या जांभ्या मातीवर चालवायचं शिकलात तर ते कुठेही उपयोगी पडेल. डिसेंबरनंतर वरचा मुरूम सुटा होतो आणि खाली कातळ कडक. गाडी फरशीवर सांडलेल्या वाटाण्यांवरून चालल्यासारखी वळणाच्या बाहेर सरकत जाते. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीत असं झालं की नवखा चालक स्टीअरिंग आणखी वळवतो. त्याने काही होत नाही, चाकं तिरकी घसटत राहतात. अॅक्सिलरेटर सोडायचा, वजन पुढच्या चाकांवर येऊ द्यायचं, स्टीअरिंग किंचित सरळ करायचं, पकड मिळाली की पुन्हा वळायचं. आणि डोळे समोरच्या कोनवर खिळवायचे नाहीत, त्याच्या पुढच्या कोनवर ठेवायचे. सुरुवातीच्या गाड्या सुटा मुरूम बाजूला झाडत जातात, म्हणून मागून निघणाऱ्याला झाडलेली रेघ मिळते. पण बऱ्याच गाड्या गेल्या की तिथे चाकोऱ्या पडतात. आपला नंबर कितवा आहे त्यावरून रेघ ठरवायची, हे इंजिनाच्या पीएसपेक्षा मोठं ज्ञान आहे.

अधिकृत स्पर्धांसाठी एफएमएससीआयचं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय फेडरेशनचं, वार्षिक लायसन्स लागतं. हेल्मेटबद्दल प्रत्येक स्पर्धेचे नियम आधी वाचा. काही लहान स्पर्धांत मोटरसायकलचं चांगलं हेल्मेट चालतं, पण गाडीच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं, मोटरसायकलच्या हेल्मेटला ती अट नसते.

विम्याचंही आताच सांगून ठेवतो, कारण हे लोकांना गाडी ठोकल्यावर कळतं. खासगी गाडीच्या साध्या पॉलिसीत 'लिमिटेशन्स अॅज टू यूज' नावाचं कलम असतं. संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल तिथे वगळलेल्या असतात. म्हणजे ऑटोक्रॉसमध्ये फेंडर गेला तर तो तुमच्या खिशातून, आणि म्हणूनच दोन लाखांतला एक हिस्सा मोडतोडीसाठी राखून ठेवायचा.

माझ्या हिशेबाने त्या पैशांचं असं करा. टायर, ब्रेक, बुश आणि एक पूर्ण सर्व्हिस यांत साधारण पन्नास-साठ हजार जातील, शॉकअप बदलावे लागले तर थोडे जास्त. पन्नास हजार मोडतोडीसाठी बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. उरलेले एंट्री फी, लायसन्स, हेल्मेट, पेट्रोल आणि बाहेरगावी राहण्याला. वर्षभर एवढं करून हौस टिकली तर पुढे काय लागतं ते तुम्हालाच कळेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्रांच्या सल्ल्यामागे जे दिसतंय त्याबद्दल. कदंब पठार, झुआरीचा नवा पूल, मोपाकडे जाणारा रस्ता: रात्री तिथे कोण काय करतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटर वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे; पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड. पण दंडाचा धाक बाजूला ठेवून हिशेब बघा. ताशी 60 वरून 120 वर गेलात की वेग दुप्पट होतो, आणि ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा चौपट. ताशी 100 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. पठारावर काळोखात बसलेलं जनावर दिसून तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं.

आणि शिकायच्या दृष्टीनेही सरळ रस्त्यावरच्या त्या वेगाला किंमत नाही. पाय दाबून धरायला काय शिकावं लागतं? बंद केलेल्या मार्गावरसुद्धा धोका कसा येतो बघा. सप्टेंबर 2019 मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅली चालू असताना मार्गावर एक मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघे दगावले. मार्शल (मार्गावर झेंडा घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक), अडथळे आणि रुग्णवाहिका असताना हे होऊ शकतं. पुलावर तर यातलं काहीच नाही. माझ्याकडे गाडी तयार करून घेणारा कोणी रात्रीच्या शर्यतीत दिसला तर त्याचं काम मी पुन्हा घेत नाही. यावरून काही जण माझ्यावर रागावून आहेत, असू देत.

घरच्यांच्या शंकेबद्दल. श्रीमंतांचा खेळ हे सर्किट रेसिंगबद्दल बरंचसं खरं आहे, त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. पण 'ट्रॅक नाही म्हणून काही होणार नाही' हे मला मान्य नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही जर्मन चालक सेबास्टियन वेटेलने जिंकल्या, आणि करांच्या वादात ती शर्यत भारतातून गेली ती परत आलेली नाही. अवाढव्य ट्रॅक उभा राहिला म्हणून आजूबाजूच्या गावांतून चालक तयार झाले असं काही दिसत नाही. उलट कोइंबतूर बघा. पंप आणि मोटारींच्या छोट्या कारखान्यांचं ते शहर. तिथल्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन लावून फॉर्म्युला मारुती नावाची स्वस्त रेस कार बनवली. नारायण कार्तिकेयन, जो 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, त्याच शहराचा आणि त्याच गाड्यांतून पुढे आलेला. करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक तिथे 2003 मध्ये झाला, म्हणजे वर्कशॉप, फिटर आणि चालक आधी होते.

म्हणून गोव्यात शहरी सर्किटची चर्चा निघाली की मला फारसा उत्साह येत नाही. चेन्नईने 2024 मध्ये रात्रीची स्ट्रीट रेस करून दाखवली, त्यांच्यामागे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीपासूनची कित्येक दशकांची परंपरा आहे. इंडियन रेसिंग लीगच्या एका संघाला गोव्याचं नाव आहे. बघायला बरं वाटतं, पण त्याने डिचोलीच्या मुलाला चालवायला जागा मिळत नाही. आपल्याकडे पाऊस आणि चिखल मात्र आहे. रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा 2014 मध्ये भारतात आली तेव्हा गोव्याचा पावसाळाच बघून आली. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले, त्यानंतर बरेच सपाट माळ पडून आहेत. मालकी, पर्यावरण, गावाची संमती हे सगळं सोडवून त्यांतला एक तुकडा महिन्याच्या एका रविवारी ऑटोक्रॉससाठी मिळाला, तर तो समुद्रकिनाऱ्याच्या स्ट्रीट सर्किटपेक्षा मला जास्त आवडेल.

तोवर बाहेर जावं लागेल. कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. चोर्ला चढून बेळगावमार्गे गेलात तर एका दिवसात जाऊन येता येतं. कार्टिंगला हलकं समजू नका. त्याला ना सस्पेन्शन ना पॉवर स्टीअरिंग, चूक झाली की लगेच कळते. आणि ज्याच्याकडे यातल्या कशालाच पैसे नाहीत, त्याने मार्शल व्हावं. आयोजकांना माणसं कायम कमी पडतात. दिवसभर वळणावर झेंडा घेऊन उभं राहिलात तर पन्नास गाड्या तेच वळण पन्नास तऱ्हांनी घेताना दिसतात, आणि संध्याकाळी सर्व्हिस पार्कमध्ये कोणालाही काहीही विचारायची मुभा असते.

राहिली सिटी व्हीटेक. 1.5 लिटर, 106 बीएचपी, वजनाला हलकी. गाडी झकास आहे, तिचं नाव उगाच झालेलं नाही. पण 2003 मध्ये ते मॉडेल बंद झालं, म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीही वीस वर्षांच्या पुढची. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते केव्हापर्यंतचं आहे बघा. साध्या सिटीत व्हीटेक इंजिन टाकून विकलेल्या गाड्याही फिरतात, म्हणून आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. इंजिन मरत नाही, मरतो तो पत्रा. किनाऱ्याजवळ राहिलेली गाडी असेल तर खारी हवा दारांच्या खालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी, फ्लोअर आणि पुढच्या स्ट्रटच्या बैठका खाते, आणि वरून केलेलं डेंटिंग-पेंटिंग ते सगळं झाकतं. बघायला जाताना खिशात लहान लोहचुंबक ठेवा आणि या जागांवरून फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे.